बिल येतं ते भाडं, बिल येत नाही तो साठा

साबण, डिटर्जंट, केसांचं तेल, टूथपेस्ट असा रोजच्या वापराचा माल भिवंडीच्या गोदामांतून राज्यभरच्या डेपोंना आणि वितरकांना पोहोचवणं हे माझं काम. या कामात दोन खर्च सतत एकमेकांशी झगडत असतात. मोठ्या गाडीत भरपूर माल एकदम पाठवला की किलोमागे भाडं कमी पडतं, पण तो माल पुढच्या गोदामात आठवडेच्या आठवडे पडून राहतो. थोडा थोडा वारंवार पाठवला की गोदाम मोकळं राहतं, पण भाड्याचं बिल फुगतं. एवढं तर पहिल्याच आठवड्यात कळतं. हा तोल प्रत्यक्षात कसा सांभाळायचा, हे मात्र वर्षानुवर्षं गाड्या भरून आणि साठे मोजूनच कळतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी जे सांगत असते, तेच इथे क्रमाने मांडते.

१. ज्या खर्चाचं बिल येतं, त्यालाच कात्री लागते

ट्रान्सपोर्टरचं बिल ठरल्या तारखेला टेबलावर येतं. सोबत बिल्ट्या असतात, गाडी नंबर असतो, वजन आणि दर असतो. गेल्या महिन्यापेक्षा रक्कम वाढली की वरून लगेच विचारणा होते. साठ्याचं असं बिल कधीच कुणी पाठवत नाही. त्याचा खर्च बँकेच्या व्याजात, गोदामाच्या भाड्यात, विम्यात, फुटलेल्या पिशव्यांत आणि मुदत संपत आलेल्या मालावर द्याव्या लागणाऱ्या सवलतीत वाटला गेलेला असतो. पाच खात्यांत विभागलेल्या खर्चाला जाब विचारणारं कुणी नसतं. मग सगळे मिळून भाडं वाचवतात आणि गोदामं भरत जातात.

म्हणून पहिलं काम हे, की साठ्याचं बिल आपण स्वतः तयार करायचं. दर महिन्याला प्रत्येक डेपोतल्या सरासरी साठ्याची किंमत काढायची आणि तो माल वर्षभर सांभाळायला किती टक्के खर्च येतो, ते त्यावर लावायचं. मी साधारण २० टक्के धरत आले. भांडवलावरचं व्याज, जागा, विमा, नासाडी हे सगळं त्यात येतं. तुमचा आकडा वेगळा निघेल. तो हिशेब विभागासोबत बसून काढा आणि विक्री विभागाकडूनही मान्य करून घ्या. हे बिल भाड्याच्या बिलाशेजारी ठेवायला लागलात, की बैठकीत पहिल्यांदाच बेरजेवर बोलणं सुरू होतं. आपल्याला कमी करायची असते ती बेरीज.

२. एकच गाडी एका मालाला स्वस्त पडते, दुसऱ्याला महाग

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. भिवंडीहून नागपूरच्या डेपोला माल पाठवायचा आहे. ३२ फुटी मल्टी-अ‍ॅक्सल कंटेनरमध्ये १५ टन बसतात, भाडं ६०,००० रुपये, म्हणजे किलोला ४ रुपये. सिंगल-अ‍ॅक्सल गाडीत ७ टन, भाडं ३५,००० रुपये, म्हणजे किलोला ५ रुपये. मोठ्या गाडीत टनामागे हजार रुपये वाचतात. पण डेपोतला सरासरी साठा एका फेरीच्या निम्मा धरला, तर तो साडेतीन टनांवरून साडेसात टनांवर जातो. म्हणजे ४ टन माल जास्तीचा, वर्षभर.

आता साबण घ्या. आठवड्याला १० टन विक्री, टनाची किंमत दीड लाख. वर्षाला ५२० टनांवर भाड्यात ५ लाख २० हजार वाचले. जास्तीच्या ४ टनांची किंमत ६ लाख, २० टक्क्यांनी सांभाळण्याचा खर्च १ लाख २० हजार. मोठी गाडी चार लाखांनी फायद्यात.

त्याच रस्त्याने जाणारी सौंदर्यप्रसाधनं घ्या. आठवड्याला २ टन विक्री, टनाची किंमत ८ लाख. वर्षाला १०४ टनांवर भाड्यात वाचले १ लाख ४ हजार. जास्तीच्या ४ टनांची किंमत मात्र ३२ लाख, आणि ती सांभाळायला ६ लाख ४० हजार. शिवाय १५ टन माल संपायला साडेसात आठवडे. मोठ्या गाडीने इथे पाच लाखांहून जास्त नुकसान केलं.

रस्ता तोच, गाड्या त्याच, उत्तरं उलटी. ‘आमच्याकडे फुल लोडच जातो’ असा सरसकट नियम ज्या कंपनीत आहे, तिथे कुठला तरी माल हे नुकसान गुपचूप सोसत असतो. किलोची किंमत काय आणि तो किती वेगाने विकला जातो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय गाडी ठरवू नका.

३. सूत्रातला सपाट भाग जास्त कामाचा आहे

एका वेळी किती माल मागवावा, याचं गणित फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं. वर्षभराच्या फेऱ्यांचा खर्च आणि वर्षभराच्या साठ्याचा खर्च जिथे सारखे होतात, तिथे त्यांची बेरीज सर्वांत कमी असते, हे त्याचं सार. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हे सूत्र सगळेच शिकतात. त्याचा एक गुण मात्र वर्गात घाईने सांगितला जातो. या सूत्राने आलेल्या आकड्याच्या आसपास बेरीज फारशी हलतच नाही. दीडपट माल मागवला तरी हा एकूण खर्च साधारण ८ टक्केच वाढतो. दुप्पट मागवला तर २५ टक्के.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. उत्तर १३ टन आलं आणि गाडी १५ टनांची असेल, तर बिनदिक्कत गाडी भरा. खर्च जेमतेम एक टक्क्याने वाढेल. पण उत्तर ५ टन असताना ‘गाडी भरतेय तर भरू’ म्हणून १५ टन धाडले, तर तोच खर्च दोनतृतीयांशाने वाढतो. शेवटच्या पेटीसाठी भांडत बसू नका. तिप्पट माल निघतोय का, तिकडे डोळे ठेवा.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढवली. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचं गाडीसकट वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. टनामागचं भाडं उतरण्याची सोय झाली, ती चांगलीच गोष्ट. पण गाडी मोठी झाली म्हणून नंदुरबारच्या दुकानात साबण जास्त खपत नाही. क्षमता वाढली, की गाडी पुन्हा निवडून पाहायची असते.

४. अंतरापेक्षा बेभरवसा महाग पडतो

रोज २ टन विक्री असलेला डेपो धरा. गाडी दर वेळी तिसऱ्या दिवशी हमखास पोहोचत असेल, तर ६ टन उरले की मागणी नोंदवली तरी चालतं. तीच गाडी कधी दुसऱ्या आणि कधी पाचव्या दिवशी पोहोचत असेल, तर डेपोवाला १० टनांवर असतानाच मागणी नोंदवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. साबण नसेल तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारची दुसरी वडी उचलतं. त्या अधूनमधून होणाऱ्या दोन दिवसांच्या उशिरापायी ४ टन माल वर्षभर अडकून राहतो. दीड लाख रुपये टनाने सहा लाख, सांभाळायला वर्षाला १ लाख २० हजार. १५ टनांच्या गाडीने वर्षाच्या साधारण ४९ फेऱ्या होतात. म्हणजे फेरीमागे दोन हजार जास्त मागणारा, पण दिलेल्या वेळी पोहोचणारा ट्रान्सपोर्टर स्वस्तच पडतो. दर मागवताना मी पोहोचण्याच्या तारखांचं वहीतलं पान आधी उघडते, दरपत्रक नंतर.

आपल्याकडे या बेभरवशाचा मोठा भाग पावसाळ्यात येतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला आणि ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस जागेवर उभ्या राहिल्या. कोकणात उतरणाऱ्या घाटांवर दरड कोसळली की वाहतूक वळवावी लागते. त्यामुळे जूनच्या आधी कोकणातला साठा वाढवणं शहाणपणाचं आहे. पण तो कुठे ठेवायचा, हे चिपळूणने शिकवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरचा माल गेला. साठा पावसाआधी वाढवा, पण उंचावरच्या गोदामात.

उलट बाजूही सांगते. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर टप्प्याटप्प्याने खुले होत ५ जून २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण झाले. कसाऱ्याच्या घाटात अडकणारा वेळ वाचला आणि पोहोचण्याची खात्री वाढली. अशा वेळी डेपोचा सुरक्षित साठा नव्याने मोजला, तरच त्या रस्त्याचा पूर्ण फायदा मिळतो. बहुतेक ठिकाणी रस्ता सुधारतो आणि संगणकातला साठ्याचा आकडा जुन्या रस्त्याचाच राहतो.

५. हे गोदाम इथे का आहे, असं विचारा

१ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधी गोदामं कुठे असावीत हे बरंचसं कर ठरवत असे. दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे. स्वतःच्याच डेपोला माल वर्ग केला की तो लागत नसे. म्हणून कंपन्यांनी राज्यागणिक डेपो उघडले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईला खेटून असल्यामुळे भिवंडी तालुक्यातल्या गावांत गोदामांची रांग लागली.

जीएसटीने करांचं हे कारण संपवलं. आता गोदाम कुठे हवं, हे अंतर, भाडं आणि खप यांनी ठरायला हवं. विजयपूर सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि बेळगाव कोल्हापूरहून साधारण तेवढंच. त्या गावांना दूरच्या बेंगळुरूहून माल पाठवण्याचं आता काही कारण उरलं नाही. भिवंडी मात्र टिकली, कारण तिथला महामार्ग, बंदराची जवळीक आणि मुंबईचा खप या गोष्टी कराच्या आधीही होत्या आणि नंतरही राहिल्या. प्रत्येक डेपोला हा प्रश्न विचारा. उत्तरात जुना कायदा आला, तर नकाशा पुन्हा काढा.

६. साठा एकत्र केला की कमी लागतो, दिवाळी सोडून

चार डेपोंत प्रत्येकी १० टन सुरक्षित साठा असेल, तर तो एका ठिकाणी आणल्यावर ४० टनांऐवजी २० टनांत काम भागतं. डेव्हिड मेस्टर यांनी १९७६ मध्ये मांडलेला हा वर्गमुळाचा नियम. नांदेडला खप अचानक वाढतो तेव्हा अकोल्यात तो घटलेला असू शकतो, आणि एका छताखाली हे चढउतार एकमेकांना सावरून घेतात.

पण हा नियम एका अटीवर उभा आहे. सगळीकडचा खप एकदम वाढू-घटू नये. दिवाळीच्या आधी अभ्यंगस्नानाचा साबण, उटणं आणि सुगंधी तेल नागपूर, कोल्हापूर, नांदेड, रत्नागिरी सगळीकडे एकाच पंधरवड्यात मागितलं जातं. तेव्हा एकत्र साठा कुणालाच सावरत नाही, आणि ऐन गर्दीत गाड्याही मिळत नाहीत. म्हणून दिवाळीचा माल गणपती उठले की पुढे सरकवायला लागायचं. वर्षभर संथ चालणारा महागडा माल मात्र मध्यवर्ती गोदामातच ठेवायचा आणि लागेल तसा पार्ट लोडने पाठवायचा. जोरात खपणारा पुढे, संथ मागे. कुठला माल कुठे ठेवायचा हे त्या मालाच्या वेगावरून ठरवा, सगळ्यांना एक नियम लावू नका.

७. गाडीचा वार ठरवा

इथपर्यंत मी एका खर्चाच्या बदल्यात दुसरा कसा तोलायचा ते सांगितलं. काही उपाय असेही आहेत, की ज्यांनी दोन्ही खर्च एकदम उतरतात. त्यातला सर्वांत सोपा म्हणजे गाडीचा वार पक्का करणं.

मराठवाड्यात जालना, परभणी, नांदेड या तीन वितरकांना वेगवेगळ्या छोट्या गाड्या जात. तिघांची मागणी एका गाडीत घेऊन ती दर आठवड्याला ठरल्या वारी त्याच क्रमाने फिरवायची असं ठरलं. परभणीचे वितरक तेव्हा म्हणाले, “मॅडम, गाडी मंगळवारी येणारच हे पक्कं असलं, तर मला एवढा माल लागतच नाही बघा.” त्या वाक्यात वितरणाचं निम्मं शास्त्र आहे. गाडी कधी येईल हे माहीत नसलेला माणूस आलेल्या गाडीतून जमेल तेवढा उतरवून घेतो. वार माहीत असला की पुढच्या मंगळवारपर्यंतचा आणि वर थोडा, एवढाच घेतो. भाडं कमी झालं ते तीन गाड्यांची एक झाल्यामुळे, साठा कमी झाला तो विश्वासामुळे. एकदा वार दिला, की गाडी अर्धी भरली तरी ती निघालीच पाहिजे. एक मंगळवार चुकला, की साठा पुन्हा जुन्या पातळीवर जातो आणि खाली यायला अनेक महिने लागतात.

८. गाडी वजनाने भरते आणि जागेनेही

साबण, डिटर्जंट हा जड माल. गाडीची वजनमर्यादा गाठली जाते तेव्हा वर अर्धी जागा मोकळी असते. डायपर, सॅनिटरी पॅड, टूथब्रश हा हलका माल. जागा संपते आणि वजन निम्म्यावरही गेलेलं नसतं. दोन स्वतंत्र गाड्या पाठवल्या, तर एकीत आपण हवेचं भाडं देतो आणि दुसरीत वजनाचं. खाली साबण आणि वर डायपर रचले की त्याच गाडीत दोन्ही जातात, आणि प्रत्येकाचा लॉट लहान राहतो. इथेही भाडं आणि साठा एकत्र उतरतात. एक पथ्य मात्र पाळा. साबणाच्या गाडीत चहा किंवा बिस्किटं घालू नका. वास लागतो आणि अख्खा लॉट परत येतो.

माल उतरवण्याचाही हिशेब यातच धरा. डेपोच्या दारात गाडी दिवसभर उभी राहिली, तर हॉल्टिंग द्यावं लागतं आणि चालकाचा परतीचा माल चुकतो. पुढच्या खेपेला तो ट्रान्सपोर्टर तुमच्या डेपोसाठी जास्त दर मागतो, किंवा गाडीच देत नाही. उतरवून घेणाऱ्या माथाडी कामगारांच्या टोळीला गाडीची वेळ आदल्या संध्याकाळी कळवली, तर हा खर्च टळतो. चालकाला पाणी, सावली आणि स्वच्छतागृह देणं हा माणुसकीचा भाग आहेच. जिथे त्याला मान मिळतो, तिथली खेप घ्यायला तो आधी तयार होतो.

९. महिनाअखेर दोन्ही खर्च एकदम वाढवते

विक्रीचं टार्गेट महिन्याचं असतं. म्हणून कितीतरी कंपन्यांत महिन्याचा बराचसा माल शेवटच्या आठवड्यात निघतो. तेव्हा सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात, म्हणून भाडं चढतं. भिवंडीत गेटबाहेर रांगा लागतात. वितरकाच्या गोदामात पाय ठेवायला जागा उरत नाही. पहिल्या आठवड्यात मात्र तेच हमाल, त्याच गाड्या रिकाम्या बसलेल्या. खाली दुकानात रोजचा खप जवळजवळ सारखाच चाललेला असतो. साबण कुणी ३० तारखेला चौपट वापरत नाही.

म्हणजे हा चढउतार आपणच तयार केलेला असतो. तो सपाट केला, तर भाडंही उतरतं आणि साठाही. त्यासाठी सवलत महिन्याच्या खरेदीवर न देता आठवड्याच्या नियमित खरेदीवर द्यावी लागते. वितरकाला दिलेल्या मालाऐवजी दुकानांत प्रत्यक्ष गेलेला माल मोजावा लागतो. हे विक्री विभागाशी बोलल्याशिवाय होत नाही, आणि ते बोलणं टाळून वाहतूक विभागाने कितीही दर घासले तरी फार हाती लागत नाही.

१०. पुढे ढकललेला साठा वाचलेला नसतो

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. कंपनीचा साठा कमी दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो वितरकाच्या गळ्यात घालणं. कंपनीच्या कागदांवर आकडा सुंदर दिसतो. पण कंपनीला बँक ज्या व्याजाने पैसे देते, त्यापेक्षा तालुक्याच्या गावातल्या वितरकाला कॅश क्रेडिटवर बहुतेक वेळा जास्त व्याज पडतं. त्याच्यापुढे किराणा दुकानदार उधारीवर माल उचलतो. म्हणजे माल स्वस्त पैशावरून उचलून महाग पैशावर ठेवला. पूर्ण साखळीचा विचार केला तर खर्च वाढला. तो कुठे ना कुठे बाहेर येतोच. मुदत संपलेला माल परत येतो, पेमेंट लांबतं, किंवा एजन्सी चालवणारं कुटुंब धंदा आवरून दुसरं काहीतरी बघतं. नवा वितरक उभा करायला किती वर्षं आणि किती पैसा लागतो, हे त्या सुंदर आकड्यात कुठेच नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. भाडं आणि साठा यांची बेरीज एका कागदावर मांडा, आणि त्या कागदात वितरकाचं गोदामही धरा. दोन्ही खर्चांची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. भाडं एकाकडे आणि साठा दुसऱ्याकडे दिला, तर दोघंही प्रामाणिकपणे काम करून एकमेकांचा खर्च वाढवत राहतील. या धंद्यात खरी बचत तीच, जी कारखान्यापासून किराण्याच्या फळीपर्यंत कुणाच्याच खात्यावर खर्च म्हणून पुन्हा उगवत नाही. निर्णय घेताना दर वेळी हा एक प्रश्न विचारा: माझ्याकडून गेलेला हा रुपया खरंच वाचला, की पुढच्या माणसाने तो भरला?